खैरात आणि उत्तरदायित्व : भोपाळ प्रकरणातील जबलपूरचा अध्याय

भोपाळच्या वायुदुर्घटनेविषयीचे लेखन बहुधा १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्रीभोवती फिरते. त्यानंतरचा लढा मुख्यतः कागदावर, म्हणजे भाषेतच झाला. त्यातील एक महत्त्वाचा अध्याय जबलपूरच्या उच्च न्यायालयात घडला, याकडे आपल्या साहित्याभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. दीक्षितपुऱ्यातील मुक्कामात ते निकाल पुन्हा वाचताना ही उणीव विशेष जाणवली.

खटला भारतात चालावा, असे न्यूयॉर्कचे न्यायाधीश कीनन यांनी मे १९८६ मध्ये ठरविले. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी युनियन कार्बाइडने अंतरिम साहाय्यापोटी ३५० कोटी रुपये भरावेत, असा आदेश दिला. त्यास आधार न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा होता. कंपनी जबलपूरला आली. न्यायमूर्ती सेठ यांनी ४ एप्रिल १९८८ रोजी ती रक्कम २५० कोटींवर आणली. वरवर पाहता ही कपातच. परंतु पाया पालटला होता. ही रक्कम न्यायालयाच्या अधिकारातून दिलेला तात्पुरता दिलासा राहिली नाही; अपकृत्याच्या कायद्यानुसार देणे असलेल्या नुकसानभरपाईचाच ती एक भाग ठरली.

कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही स्वतंत्र ‘व्यक्ती’ असते. ही एक कल्पित कथाच होय, आणि कादंबरीकाराच्या कल्पितापेक्षा तिचे परिणाम कितीतरी कठोर असतात. भारतीय कंपनीचे निम्म्याहून किंचित अधिक भाग अमेरिकी कंपनीकडे होते, तरीही दोघी एकमेकींस परक्या म्हणवू शकत होत्या. सेठ यांनी कंपनीचा बुरखा दूर सारला आणि त्यामागच्या मालकास उत्तर देण्यास बांधील मानले. ‘उत्तरदायित्व’ या आपल्या शब्दाचा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा ठरतो.

हाच भेद भोपाळच्या रस्त्यावर अधिक थोडक्यात मांडला गेला. अब्दुल जब्बार विंधनविहिरींच्या कामातले गृहस्थ. त्यांच्या भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेची घोषणा होती : ‘खैरात नहीं, रोज़गार चाहिए’. ‘खैरात’ म्हटले की देणारा थोर ठरतो, आणि त्याने काय केले हा प्रश्नच उरत नाही. संघटनेतील बहुसंख्य स्त्रियांनी ही गोष्ट विधिज्ञांच्या आधी ओळखली होती, असे आम्हांस वाटते.

जबलपूरच्या आदेशाची अंमलबजावणी मात्र झाली नाही. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. सरकारची मूळ मागणी सुमारे ३३० कोटींची होती. पीडितांना त्यात विचारले गेले नव्हते. जब्बार यांनी पुढे तीस वर्षे हेच काम केले. उपचारांच्या दुरवस्थेविषयी त्यांच्या संघटनेने १९९८ मध्ये केलेल्या याचिकेवर ९ ऑगस्ट २०१२ रोजी निर्णय झाला आणि देखरेखीचे काम पुन्हा जबलपूरकडे आले. जब्बार १४ नोव्हेंबर २०१९ रोजी निवर्तले. कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा हलविण्याविषयीचा आदेश याच न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी दिला. तो कचरा २०२५ मध्ये पीथमपूर येथे जाळण्यात आला.