शरद ऋतूतील बोयमाशांचे स्थलांतर आणि फ्लॉरिडातील मासेमारी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्याचा बराचसा किनारा उपोष्ण कटिबंधात मोडतो. तेथे पानगळ फारशी जाणवत नाही; शरद ऋतूचे आगमन समुद्रावरून ओळखले जाते. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत पूर्व किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून बोयमाशांचे थवे दक्षिणेकडे सरकू लागतात. आपल्याकडील खाड्यांतही सापडणारी ‘मुगिल सेफालस’ ही जाती त्यांत प्रमुख होय.

बोय हा तळावरील गाळ, सूक्ष्म शैवाल व कुजलेली वनस्पती खाऊन जगणारा मासा असून, हे अन्न दळण्यासाठी त्याच्या जठराचा एक भाग स्नायुमय असतो. खाडीच्या चिखलातील पोषक द्रव्ये अशा रीतीने माशाच्या मांसात रूपांतरित होतात आणि मोठ्या भक्षकांना उपलब्ध होतात. साहजिकच थव्यांच्या मागोमाग टार्पन, सुरमईच्या कुळातील मासे व शार्क येतात. जिताड्याशी नाते सांगणारा स्नूक आणि घोळीच्या कुळातील तांबडा ड्रम हेही या मेजवानीत सामील होतात. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांचा हा सुगीचा काळ असतो, तो या भक्षकांमुळे.

प्रौढ बोयमाशांच्या दृष्टीने मात्र हा प्रजननाचा काळ असतो. उत्तरेकडून थंड वारे येऊन पाण्याचे तापमान उतरू लागले, की ते खाड्यांच्या मुखांशी एकत्र जमतात आणि तेथून खोल समुद्रात जाऊन अंडी घालतात. एक मोठी मादी लक्षावधी अंडी घालते. पुढे पिले प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे येऊन खाड्यांत वाढतात. गाबोळीने भरलेल्या मादीला याच सुमारास सर्वाधिक भाव मिळतो, कारण गाबोळीला तैवान व इटली येथे मोठी मागणी आहे. म्हणजे, मासा धरण्यास सर्वांत सोपा, विकण्यास सर्वांत मोलाचा आणि वंशवृद्धीच्या दृष्टीने सर्वांत आवश्यक असतो, तो एकाच वेळी. या मासेमारीतील सर्व प्रश्नांचे मूळ या योगायोगात आहे.

बोय सहसा गळाला लागत नाही. त्यामुळे त्याच्या व्यापारी मासेमारीचा आधार जाळे हाच राहिला. नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्लॉरिडाच्या मतदारांनी सुमारे ७२ टक्के मतांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली. त्यानुसार १ जुलै १९९५ पासून कल्ले अडकवून मासे धरणारी जाळी राज्याच्या सागरी हद्दीत निषिद्ध झाली आणि किनाऱ्याजवळ इतर जाळ्यांस ५०० चौरस फुटांची मर्यादा घालण्यात आली. हाताने फेकावयाचा पाग तेवढा प्रमुख साधन म्हणून उरला. बोयमाशांची पकड घटली व साठा सुधारला. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनातून आलेल्या कुटुंबांनी वसविलेल्या कॉर्टेझसारख्या कोळीवस्तीत अनेकांना पिढीजात व्यवसाय सोडावा लागला. हौशी लोकांच्या गळावर या दुरुस्तीने कोणतेच बंधन घातले नाही. त्यांच्यासाठी पकडीची संख्या व माशाची लांबी यांचे नियम वेगळे आहेत.

भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद ठेवली जाते. अनेक जातींचा प्रजननकाळ पावसाळ्यात येत असल्याने हे बंधन काळावर आधारलेले आहे. फ्लॉरिडातील दुरुस्तीने बंधन साधनावर घातले. काळाच्या बंधनाचा भार यांत्रिक नौका चालविणाऱ्या सर्वांवर सारखा पडतो आणि मोसम संपताच उठतो. साधनाच्या बंधनाचा भार त्या साधनावर जगणाऱ्या वर्गावर कायमचा पडतो. थव्यातील किती माद्या अंडी घालण्यापूर्वी वाचल्या पाहिजेत, याचा अंदाज मत्स्यशास्त्र देऊ शकते. उरलेले मासे कोणी धरावेत, हा प्रश्न न्यायाचा असून त्याचे उत्तर त्या अंदाजातून निघत नाही. मत्स्यसंवर्धनाच्या कोणत्याही नियमाचे परीक्षण करताना अभ्यासकाने हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडले, तरच नियमाचे यश कोणते व त्याचे मोल कोणी दिले, हे नेमके सांगता येईल.