आमचा बोका आणि कच्छची माती

तानपुऱ्याची गवसणी ओली झालेली दिसली, त्या सकाळी आमच्या घरात एक ठराव मांडला गेला. बोक्याला पोत्यात घालून रेल्वेच्या रुळांपलीकडे सोडून यावे! ठराव आईचा होता, आणि अनुमोदन द्यायला शेजारीपाजारी तयारच होते.

गवसणी साधी असती तर मीही गप्प बसलो असतो. माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यातल्या शेवटच्या उमेदवारांपैकी. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. त्या चाकरीची खूण म्हणून घरात उरला तो एक तानपुरा आणि त्याची लाल बनातीची गवसणी. ती या बोक्याने बाटवली. त्याचे नाव खर्ज. माझ्या शिकवणीच्या मुलांनी ठेवलेले. त्याची गुरगुर मंद्र सप्तकाच्या वर कधी येतच नाही.

परंतु आईचा खरा घोर गवसणीचा नव्हता. धाकटी बहीण लग्नानंतर नऊ वर्षांनी प्रथमच दिवस गेलेली, बाळंतपणाला माहेरी यायची होती. ‘‘गरोदर बाईच्या घरात मांजर नको, मास्तर,’’ असे खालच्या मजल्यावरच्या काकांनी बजावून ठेवले होते. सुरतेने १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगाची धावपळ पाहिली आहे. जनावरापासून रोग म्हटले की येथली जुनी माणसे अजून दचकतात.

बडोदेकर वाचकांना कदाचित नवल वाटेल, की मांजराच्या देहधर्माचा एवढा प्रश्न व्हावा का? वाड्याला परसू होते तोवर तो कधी झालाच नाही. पण आम्ही राहतो नवागामात. सुरतेच्या एका कडेला, दिंडोलीला लागून असलेली ही वस्ती. जळगाव-धुळे-नंदुरबारकडून मागावर काम करायला आलेली कुटुंबे येथे दाटीने राहतात. जिन्यात उभे राहिले तर अहिराणी कानावर येते. गावाकडे यांच्या मांजराला शेत होते, उकिरडा होता, चुलीची राख होती. येथे घरात फरशी आणि गल्लीत सिमेंट. उकरायला चिमूटभर माती नाही, आणि उकरल्याशिवाय मांजराचे भागत नाही.

सुरुवातीस मी समोरच्या बांधकामावरची वाळू घमेल्यातून आणली. ती वास धरीना, उलट खर्जाच्या पंजांबरोबर घरभर, थेट सतरंजीवर. मग वखारीतला लाकडाचा भुसा. तो हलका, त्यामुळे उडून तबल्याच्या शाईवर बसू लागला. शेवटी एका दुकानदाराने झाकणाची, दाराची, छोट्या घरासारखी पेटी आणि गुलाबाच्या वासाची माती गळ्यात मारली. पेटी दिसायला देखणी. खर्जाने तिच्यात एकदा डोके घातले, शिंकला आणि गवसणीकडे वळला.

गुरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो लघवीचा: ‘‘होते ना? की नुसताच कुंथतो?’’ बोक्याची लघवी तुंबली तर तासांचा हिशोब असतो, जिवावर बेतते. आमच्याकडे ती भरपूर होत होती, हे मी काहीशा अभिमानाने सांगितले. मग त्यांनी पेटीची चौकशी केली आणि हसले. गुलाबाचा वास आपल्या नाकासाठी. मांजराचे नाक आपल्याहून कितीतरी तिखट. झाकणाखाली तो वास कोंडतो, आणि आत अंग वळवायलाही जागा नसते. पेटी मांजराच्या दीडपट लांब हवी, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजून. मी खर्जाला टेपाने मोजले: अठरा इंच. म्हणजे पेटी सत्तावीस इंच. दुकानातली सोळाची होती! सुराला पट्टी न जुळणारी पेटी देऊन गाणाऱ्याला बेसूर म्हणावे, तसा प्रकार मी चालवला होता.

कपडे ठेवण्याचा एक मोठा प्लास्टिकचा डबा आणला. खालच्या काकांनीच तापल्या सुरीने त्याची एक बाजू पाच इंचांपर्यंत उतरवून दिली. तो ताटलीपासून दूर, गच्चीच्या दाराशी शांत कोपऱ्यात ठेवला. एका मांजराला दोन पेट्या असाव्यात असेही डॉक्टर म्हणाले होते. दोन खोल्यांत ते जमणारे नव्हते.

आता माती. मांजरासाठी माती विकण्याचा धंदा १९४७ सालचा. अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण वाळू मागायला आली. तोवर ती राख वापरी आणि मांजर ती घरभर करी. लोकडे सांडलेले तेल टिपण्याची माती होती, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. त्याने तीच दिली. पुढे गोळा धरणारी माती आली, ती बेंटोनाइटची. पाणी लागले की ती फुगते आणि घट्ट गोळा होतो. तेवढा उचलून टाकला की बाकीची स्वच्छ. मौज अशी की या बेंटोनाइटचे मोठे साठे आपल्या कच्छातच आहेत. मी बारीक दाण्याची, बिनवासाची घेतली आणि तीन इंच थर दिला. खर्जाने वास घेतला, पंजाने दोनदा उकरले, आणि मी सभ्यपणे तोंड फिरवले.

दोन चुका मात्र त्यानंतरही केल्या. पहिला गोळा मोरीत टाकला. फुगणारी माती नळात काय करते ते प्लंबरने समजावले. पेटी फिनेलने धुतली. ते मांजराला विषारी असते, साबण आणि गरम पाणी पुरे.

राहिली बहीण. तिच्या डॉक्टरीणबाईंनी भीतीचे नाव सांगितले, टोक्सोप्लाझ्मा. पोटातल्या मुलाला त्यापासून खरोखरच धोका असतो. हे जंतू मांजराच्या विष्ठेतून येतात, पण ताज्या विष्ठेतले लागत नाहीत. त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. रोजची विष्ठा रोज उचलली आणि मांजराला कच्चे मांस व उंदीर मिळू दिले नाहीत, तर भीती फार थोडी. अर्धे शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांचीच काळजी अधिक घ्यावी, असे बाईंचे म्हणणे. बहिणीने पेटीला हात लावायचा नाही, तो मी लावायचा. या अटीवर आईने ठराव तूर्त मागे घेतला.

तेव्हापासून पहाटे तानपुरा जुळवण्याआधी माझ्या हाती जाळीचे उलथणे असते. बहीण आता आठव्यात आहे. पाटावर बसून मुलांचे पलटे ऐकते आणि चुकले की माझ्याआधी टोकते. गवसणी तीनदा धुतली, तरी एका कोपऱ्याला डाग राहिलाच. काल दुपारी आई आतून ओरडली, ‘‘अरे, खर्जाची माती संपत आलीय, येताना घेऊन ये. आणि ती गुलाबाची नको!’’