शाईच्या पेनाला मानवणारी वही

शाईच्या पेनासाठी वही घेताना कागदाची जाडी दुय्यम असते. आधी पाहायची ती खळ. कागद म्हणजे तंतूंची दाबून बसवलेली जाळी, आणि त्या तंतूंमधल्या सूक्ष्म फटी पाणी ओढून घेतात. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असल्याने कागदाच्या वरच चिकटून राहते. तिला कुठलीही वही चालते. फाउंटन पेनची शाई म्हणजे बहुतांशी रंग विरघळवलेले पाणी. वाट मिळेल तिकडे ते पसरते. ती वाट बुजवण्यासाठी गिरणीत दोन वेळा खळ दिली जाते. एक लगद्यातच मिसळतात. पूर्वी राळ आणि तुरटी वापरत, आता त्यासाठी वेगळी रसायने आहेत. दुसरी खळ कागद वाळत आल्यावर दोन्ही अंगांना स्टार्चच्या रूपात चढवतात. मग पोलादी रुळांमधून काढून कागद घोटला जातो.

घोटलेल्या कागदाचे महत्त्व महाराष्ट्रातल्या कारकुनांना फार आधीपासून ठाऊक होते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने केलेल्या कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घासत. मोडी लिहिताना ओळीची शिरोरेघ आधी ओढून घेत आणि तिच्याखाली बोरूने सलग, हात फारसा न उचलता लिहीत. अशा वेगवान लेखणीला खडबडीत किंवा शाई पिणारा कागद परवडण्यासारखा नव्हता.

आजच्या वहीत तीन दोष दिसतात आणि ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. रेघेच्या कडेला केसांसारखे फाटे फुटतात, ते शाई फुटणे. ठिपके पानाच्या पाठीवर उमटतात, ते शाई उतरणे. तिसऱ्यात शाई उतरलेली नसते, पण अक्षराची सावली मागून दिसते. पहिले दोन दोष मुख्यतः कमी खळीचे. तिसरा कागदाच्या पातळपणाचा आणि अपारदर्शकता वाढवणारी भुकटी कमी पडल्याचा. जपानचा ‘तोमोए रिव्हर’ हा कागद चौरस मीटरला अवघा ५२ ग्रॅम वजनाचा, तरी त्यावर शाई फुटत नाही की उतरत नाही. सावली मात्र भरपूर दिसते आणि शाई वाळायला बराच वेळ लागतो. उलट ७५ ग्रॅमच्या झेरॉक्सच्या कागदावर जाड निब टेकताच फाटे फुटण्याची शक्यता असते. म्हणजे मुखपृष्ठावरचा ‘जीएसएम’चा (चौरस मीटरला ग्रॅम) आकडा मोठा दिसला म्हणून वही उचलणे फसवे आहे.

जून उजाडला की सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस, अकलूज, नातेपुते इथल्या स्टेशनरीच्या दुकानांत वह्यांचे गठ्ठे दाराबाहेर येतात. पेनाच्या दृष्टीने या ढिगात दोनच जाती ओळखायच्या: क्रीमवोव्ह आणि मॅपलिथो. हे शब्द वहीवर क्वचितच छापलेले असतात, पण छापखानेवाला आणि घाऊक विक्रेता यांच्या तोंडी रोजचे आहेत. क्रीमवोव्ह स्वस्त, सहसा ५४ ते ६० ग्रॅमच्या घरातला, आणि त्याला वरची खळ बहुधा नसते. शाळेच्या साध्या वह्या याच्याच. मॅपलिथोला वरून खळ दिलेली असते आणि तो घोटलेलाही असतो. तिसरी एक जात बाजूच्या फळीवर धूळ खात असते: कापडी पाठीची रजिस्टरे आणि लाल कापडाच्या खातेवह्या. लेजर पेपर हा मुळात शाईने लिहून वर्षानुवर्षे जपायच्या नोंदींसाठी कडक खळीचा बनवला जाई. खरा लेजर पेपर असेल तर शाईच्या पेनाला तालुक्याच्या गावी त्याहून चांगले पान मिळणे कठीण. मात्र लक्ष्मीपूजनापुरत्या विकल्या जाणाऱ्या काही चोपड्यांत लाल कापडाआड साधा क्रीमवोव्हच बांधलेला असतो. कापड पाहून निवड करू नये.

पारख दुकानातच होते. आपले पेन, त्यातही सर्वांत ओले चालणारे, आणि रोजची शाई सोबत असावी. दुकानदाराच्या परवानगीने शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक सरळ रेघ, एक गिरकी आणि एक ठिपका काढायचा. ठिपक्यावर निब दोन-तीन सेकंद टेकवून ठेवायची. ठिपका ही खरी परीक्षा, कारण तिथे एकाच जागी सर्वाधिक शाई साचते. मग बोट न लावता वाळू द्यायचे आणि पान उलटायचे. हेच पाठीच्या बाजूनेही करायचे. यंत्रावर कागद जाळीवर तयार होतो. जाळीकडची बाजू आणि वरची बाजू यांचा पोत सारखा नसतो, आणि काही वह्यांत डावे पान झकास, उजवे फुटणारे असे निघते. छापील रेघेवरूनही एक ओळ लिहून पाहावी. आखणीची शाई तेलकट असेल तर पेनाची रेघ तिथे तुटते.

देवनागरी लिहिणाऱ्याला ही चाचणी रोमन लिपी लिहिणाऱ्यापेक्षा कडक करावी लागते. ध, भ, थ, क्ष यांची पोटे आधीच लहान. कडा फुटल्या की ती बुजतात आणि ‘घ’ आणि ‘ध’ दुरून सारखेच दिसू लागतात. अनुस्वार हा तर निब टेकवून काढलेला ठिपकाच. जिथे अनुस्वार दाट येतात त्या मजकुरात पानाची पाठ प्रथम तिथेच डागाळते. शिरोरेघ सलग ओढणाऱ्यांच्या बाबतीत ओल्या रेघेवरून हात मागे जातो, म्हणून फार हळू वाळणारा कागदही सोयीचा नाही. मराठी हस्ताक्षरासाठी बारीक किंवा मध्यम निब आणि मध्यम गतीने वाळणारा मॅपलिथो ही जोडी सुरक्षित ठरते. शाईचाही वाटा आहेच. कॅमलिनची सुरुवात १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईच्या धंद्यातूनच केली. कॅमलिनची साधी निळी शाई एखाद्या सामान्य वहीवर निभावून जाते, तिथेच गडद, रंगाने लदलेली शाई उतरते. म्हणून एका शाईचा निकाल दुसरीला लावता येत नाही.

माळशिरस तालुका उसाचा, आणि उसाचाही कागदाशी संबंध आहे. माळीनगरचा सासवड माळी कारखाना १९३० च्या दशकापासूनचा, आणि अकलूजचा सहकारी कारखाना त्यानंतरचा. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, उरतो, त्यात निम्मे पाणी. इथे तो बहुतांशी बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज होतो. हाच बगॅस कागदाचाही कच्चा माल आहे. तमिळनाडूत करूरजवळची टीएनपीएल ही सरकारी गिरणी १९८० च्या दशकापासून बगॅसवर चालते. साखर कारखान्यांना इंधनाचा मोबदला देऊन ती त्यांचा बगॅस घेते. उसाचा तंतू एक-दीड मिलिमीटरच्या आसपास, पाइनच्या तंतूच्या जवळपास निम्मा. आखूड तंतूंची जाळी दाट आणि सपाट बसते, त्यामुळे शाईला लांबवर धावायला सलग वाट कमी मिळते. आधी उसाचा स्पंजासारखा गाभा वेगळा काढावा लागतो, कारण तो पाणी शोषतो. ‘बगॅसपासून’ असे छापलेली वही म्हणून एकदा तपासून पाहण्याजोगी. पण उसाचा कागद झाला म्हणून खळीची गरज संपत नाही. ठिपक्याची परीक्षा त्यालाही लागू.

हातकागदाचा मोह अनेकांना होतो. पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेमुळे तो महाराष्ट्रात परिचित आहे. कापडाच्या चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद देखणा आणि टिकाऊ असतो, पण अनेक प्रकारांचा पृष्ठभाग मोकळा असल्याने तंतू निबच्या फटीत अडकतात आणि शाई शोषली जाते. पत्रिका, प्रशस्तिपत्रे यांना ठीक. रोजच्या लिखाणाला नाही.

मनासारखी वही मिळत नसेल तर ती बांधून घेता येते. मॅपलिथोचे रीम आणायचे, हव्या मापात कापून घ्यायचे आणि बाइंडरकडून दोऱ्याने शिवून घ्यायचे. कागदाची दुमड तंतूंच्या दिशेने ठेवायला बाइंडरला आठवण करून द्यावी. उलट दुमडलेली पाने फुगतात आणि वही सपाट उघडत नाही. गमाने चिकटवलेल्या वह्या मध्ये दाबाव्या लागतात, आणि आतल्या समासात निबचा कोन बिघडतो. पिन मारलेली पातळ वही यापेक्षा बरी. स्प्रिंगची वही सपाट पसरते खरी, पण डाव्या पानावर लिहिताना तार मनगटाला टोचते.

वजन तपासायला किराणा दुकानाचा काटा पुरतो. ए-५ मापाचे ३२ कागद म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर. त्या मापाच्या १०० कागदांच्या वहीचे वजन पुठ्ठा सोडून १८७ ग्रॅमच्या आसपास भरले तर कागद ६० ग्रॅमचा. ‘२०० पानी’ म्हणजे कागद १०० हे लक्षात ठेवावे; बऱ्याच वह्यांत अनुक्रमणिका आणि छापील मजकूरही त्यातच मोजलेला असतो.

वापरताना एक दोष कागदाचा नसून हाताचा असतो. माळशिरसच्या उन्हाळ्यात तळव्याचा घाम आणि तेल पानाच्या खालच्या भागाला लागते, आणि नेमक्या तिथे पेन रेघ सोडते. हाताखाली एक कोरा कागद सरकवत नेला की ही तक्रार राहत नाही. आषाढात पालख्या तालुक्यातून जातात तेव्हा दिंडीचा जमाखर्च उघड्यावर लिहिणाऱ्याला वेगळी अडचण येते: साध्या शाईवर पावसाचा थेंब पडला की आकडा वाहून जातो. तिथे कितीही चांगला कागद उपयोगाचा नाही. पाण्याने न जाणारी शाई लागते.

एक वही उत्तम निघाली म्हणून पुढच्या वर्षी तीच मागवणे धोक्याचे. वहीवाले एकाच नावाखाली वेगवेगळ्या गिरण्यांचा कागद वापरतात, आणि मुखपृष्ठ तेच असून आतला कागद बदललेला असतो. चाचणीत उतरलेल्या गठ्ठ्यातूनच वर्षाच्या डझनभर वह्या उचलाव्यात, आणि नवा माल आला की ठिपका पुन्हा काढून पाहावा.