‘द फर्स्ट टु कम’ : एका वाक्यसाच्याचे अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषय २००० साली सुरू झाला. तेव्हापासून ‘फर्स्ट’, ‘सेकंड’, ‘थर्ड’ हे क्रमवाचक शब्द मुलांच्या तोंडी लवकर रुळतात. दिवा व आसपासच्या गावांतील मुलांस तर ‘फर्स्ट’ आणि ‘लास्ट’ हे शब्द शाळेपूर्वीच परिचित असतात. फर्स्ट क्लासचा डबा, फर्स्ट लोकल, लास्ट लोकल यांचा उल्लेख घरच्या बोलण्यात नित्य येतो. अडचण शब्दांची नाही. त्यांच्यापुढे ‘टु’ आणि क्रियापद आले की अर्थ निसटतो.

‘ही वॉज द फर्स्ट टु कम’ हे वाक्य फळ्यावर लिहून अर्थ विचारावा. ‘तो येण्यासाठी पहिला होता’ असे उत्तर हुशार विद्यार्थ्याकडूनही येते. त्यात त्याचा दोष नाही. ‘टु म्हणजे साठी’ हे समीकरण त्याने पाठ केलेले असते. शिवाय या क्रियारूपास हेत्वर्थक म्हणण्याचा प्रघातही त्याच समजुतीस बळकटी देतो. ‘ही केम टु प्ले’ या वाक्यात हेतू आहे. तो खेळण्यासाठी आला. ‘फर्स्ट टु कम’ मध्ये हेतूचा मागमूसही नाही. तो कोणत्या बाबतीत पहिला, एवढेच येथे ‘टु कम’ सांगते.

हे काम मराठीत ‘णारा’ प्रत्ययाचे रूप करते : ‘सर्वांत आधी येणारा तोच होता.’ म्हणून या साच्यापुरते ‘साठी’ बाजूस ठेवून ‘येणारा, उतरणारा, सांगणारा’ या रूपांवरून मुलांस इंग्रजीकडे न्यावे. दिव्याच्या फलाटावर गाडीतून सर्वांत आधी उतरणारा तो ‘द फर्स्ट टु गेट डाउन’, सर्वांत शेवटी चढणारी ती ‘द लास्ट टु गेट इन’. ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’ व ‘ओन्ली’ हे शब्दही याच साच्यात बसतात. त्यांच्यापूर्वीचा ‘द’ मात्र गाळू देऊ नये.

मराठी वाक्यही येथे थोडे फसवे आहे. ‘तो पहिला आला’ याचे दोन अर्थ होतात. परीक्षेत वा शर्यतीत क्रमांक लागला असेल तर ‘ही केम फर्स्ट’. इतरांच्या आधी शाळेत पोहोचला असेल तर ‘ही वॉज द फर्स्ट टु कम’. आणि ‘तो पहिल्यांदाच आला’ याचे इंग्रजी ‘ही केम फॉर द फर्स्ट टाइम’. मुलांच्या वह्यांत ही तिन्ही वाक्ये एकमेकांच्या जागी आढळतात. भाषांतरास देण्यापूर्वी प्रसंग सांगितला, तर निम्मा घोटाळा टळतो.

काळाचा भार ‘वॉज’, ‘इज’, ‘विल बी’ यांवर असतो. ‘टु कम’ बदलत नाही. मराठीत मात्र घडून गेलेल्या गोष्टीस ‘लेला’ हे रूपही चालते. तेनसिंग व हिलरी हे २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचलेले पहिले मानव. इंग्रजीत ‘द फर्स्ट मेन टु रीच द टॉप’. कर्मणी अर्थ असल्यास ‘टु बी’ येते. १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झालेला बोरीबंदर–ठाणे मार्ग हा ‘द फर्स्ट पॅसेंजर लाइन टु बी ओपन्ड इन इंडिया’. १८५४ मध्ये हा मार्ग कल्याणास पोहोचला, हेही मुलांस सांगावे. रूळ त्यांच्या रोजच्या पाहण्यातले आहेत.

कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण वरच्या वर्गासाठी उत्तम. त्यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली. त्याच वर्षी कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांचे वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाले. अशा वेळी सरसकट ‘द फर्स्ट’ न म्हणता ‘वन ऑफ द फर्स्ट इंडियन विमेन टु बिकम डॉक्टर्स’ म्हणणे भाषेच्या व इतिहासाच्याही दृष्टीने योग्य. ‘वन ऑफ’ नंतर नाम अनेकवचनी हवे, हा धडाही येथेच होतो.

‘द फर्स्ट बॉय टु रीड’ म्हणजे वाचणारा पहिला मुलगा. परंतु ‘द फर्स्ट बुक टु रीड’ म्हणजे वाचायचे पहिले पुस्तक. नाम क्रिया करते की क्रिया त्यावर होते, हे पाहावे. हा भेद पहिल्याच तासास काढू नये.

सरावासाठी हजेरीची वेळ सोयीची. आज सर्वांत आधी कोण आले, दुसरे कोण, शेवटी कोण, हे इंग्रजीत विचारावे आणि पूर्ण वाक्यात उत्तर घ्यावे. उद्या आधी येणाऱ्यासाठी ‘विल बी’ योजावे. आठवडाभर तोंडी सराव झाल्यावरच वाक्ये वहीत लिहून घ्यावीत.