शेवटचे पाच मिलिग्रॅम

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं मेयो क्लिनिक, सप्टेंबर 1948. आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका 29 वर्षांच्या स्त्रीला डॉ. फिलिप हेंच यांनी 21 तारखेला एका नव्या रसायनाचं पहिलं इंजेक्शन दिलं. कुशीवर वळणंही जिला अवघड होतं, तिच्या सांध्यांचा ताठरपणा दोन-तीन दिवसांत ओसरू लागला. आठवडाभरात ती पायी बाजारात जाऊन खरेदी करून आली. ते रसायन म्हणजे कॉर्टिसोन. दोनच वर्षांत, 1950 साली, हेंच, त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमधले संशोधक टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

या यशाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. इंजेक्शनं थांबली की दुखणं परतत होतं आणि चालू ठेवली की चेहरा सुजत होता, वजन वाढत होतं. 1952 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका तरुण रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. आमवातासाठी तो कित्येक महिने कॉर्टिसोन घेत होता. खुब्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ते थांबवण्यात आलं. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच त्याचा रक्तदाब कोसळला, तो सावरलाच नाही. शवविच्छेदनात त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या आढळल्या.

कॉर्टिसोनसारखं स्टेरॉइड एकाएकी बंद करू नका, असं डॉक्टर बजावून सांगतात त्याचं मूळ या ग्रंथींमध्ये आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या लहानशा ग्रंथी रोज कॉर्टिसॉल तयार करतात. रक्तदाब टिकवणं, रक्तातली साखर राखणं, ताप किंवा अपघाताचा ताण सोसणं, हे सगळं त्याच्या बळावर चालतं. ते किती बनवायचं हे मेंदू ठरवतो. रक्तातलं कॉर्टिसॉल कमी झालं की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून आदेश सुटतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी रोज बाहेरून येऊ लागली की मेंदूला वाटतं, पुरवठा भरपूर आहे. आदेश थांबतात. आदेश नाही म्हणून अ‍ॅड्रिनलचं काम थांबतं आणि महिनोन्‌महिने काम नाही म्हणून ती ग्रंथी सुकत जाते.

पाच-सात दिवसांच्या कोर्सने असं सहसा होत नाही. तीन-चार आठवड्यांहून कमी काळ घेतलेली गोळी बहुतेक वेळा थेट थांबवता येते. आमवात, ल्युपस, आतड्यांची दीर्घकालीन सूज, वृद्धांमध्ये खांदे आणि कंबर जखडणारा पॉलिमायाल्जिया अशा आजारांत मात्र गोळी महिने, कधी वर्षं चालते. तिथे डोस पायरी-पायरीनेच उतरवावा लागतो.

या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. 60 मिलिग्रॅमवरून 50 वर येणं म्हणजे सहावा हिस्सा कमी करणं. 5 वरून 4 वर येणं म्हणजे पाचवा हिस्सा आणि 2 वरून 1 वर येणं म्हणजे थेट निम्मं. शिवाय निरोगी माणसाचं शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, ते साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. त्याच्या वर असेपर्यंत डोस कमी करताना प्रश्न मुख्यतः आजाराचा असतो: सूज आटोक्यात राहते का? त्याच्या खाली उतरलं की दुसरा प्रश्न उभा राहतो: ग्रंथी जागी झाली का? म्हणून पॉलिमायाल्जियासाठी 2015 साली युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत सुरुवातीचा डोस महिन्या-दोन महिन्यांत 10 मिलिग्रॅमपर्यंत आणायला सांगितलं आहे आणि तिथून पुढे दर चार आठवड्यांनी फक्त 1 मिलिग्रॅम. म्हणजे शेवटचे दहा मिलिग्रॅम उतरायलाच जवळजवळ दहा महिने.

या टप्प्यात माणूस थकतो. अंग मोडून येतं, सांधे दुखतात, भूक मरते, मळमळतं, मन उदास होतं. घरच्यांना वाटतं आजार उलटला, रुग्णालाही तसंच वाटतं आणि तो आपणहून जुना डोस सुरू करतो. ही लक्षणं आजार परतल्याची असू शकतात, कॉर्टिसॉल खरोखर कमी पडत असल्याची असू शकतात किंवा कॉर्टिसॉल पुरेसं असूनही शरीराला जास्त डोसची सवय लागल्यामुळे असू शकतात. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. सांध्यांची तपासणी, ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्यांवरून सुजेचा अंदाज येतो. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी केलेल्या कॉर्टिसॉलच्या चाचणीतून ग्रंथीची स्थिती कळते. आकडा 10 मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी सावरली असं धरतात. 5 च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा चाचणी करतात.

मग एवढा त्रास सोसून गोळी बंद तरी कशाला करायची? कारण ती चालू ठेवण्याची किंमत मोठी आहे: ठिसूळ होणारी हाडं, मधुमेह, मोतीबिंदू, वारंवार होणारे जंतुसंसर्ग. प्रत्येकाला पूर्ण सुटका मिळतेच असंही नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टोसिलिझुमॅब हे दुसरं औषधही घेणाऱ्या, आजार आटोक्यात असलेल्या आमवाताच्या रुग्णांचे दोन गट केले होते. स्टेरॉइडची 5 मिलिग्रॅमची गोळी चालू ठेवलेल्यांपैकी 77 टक्क्यांचा आजार ताब्यात राहिला. 16 आठवड्यांत दर महिन्याला एक मिलिग्रॅम कमी करत ती बंद केलेल्यांपैकी 65 टक्क्यांचा. म्हणजे तिघांतले जवळपास दोघं गोळीविना नीट राहिले. त्याच वर्षीच्या पॅरिसमधल्या ल्युपसच्या चाचणीत चित्र वेगळं होतं. तिथे 5 मिलिग्रॅमची गोळी एकदम थांबवलेल्यांपैकी 27 टक्क्यांचा आजार वर्षभरात उसळला, चालू ठेवलेल्यांपैकी 7 टक्क्यांचा. शेजारणीची गोळी सुटली म्हणून आपलीही सुटेलच, हा हिशेब इथे चालत नाही. ज्यांना अगदी थोड्या डोसवर राहावं लागतं, त्यांनी यात आपली हार मानू नये.

आपल्याकडे अडचणी आणखी आहेत. प्रेडनिसोलोन चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी जुनी चिठ्ठी दाखवून किंवा नुसतं नाव सांगून ते मेडिकलमधून आणणारे कमी नाहीत. त्याहून घातक आहेत त्या सांधेदुखीवरच्या ‘जडीबुटीच्या’ पुड्या. त्यांपैकी अनेकांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत पुन्हापुन्हा आढळलं आहे. अशी पुडी वर्षभर घेणाऱ्याला आपण स्टेरॉइड घेतोय हेच ठाऊक नसतं. पुडीवाला गावातून निघून गेला की औषध एकाएकी तुटतं. मग उलट्या, चक्कर, कोसळलेला रक्तदाब घेऊन माणूस दवाखान्यात येतो आणि डॉक्टरलाही कारण उमजायला वेळ लागतो. ही फसवणूक जीव घेऊ शकते आणि तिच्याविरुद्ध होणारी कारवाई फारच अपुरी आहे.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेने 2020 पासून अशा रुग्णांसाठी खिशात ठेवायचं स्टेरॉइडचं आपत्कालीन कार्ड लागू केलं. आपल्याला त्याची वाट पाहायची गरज नाही, औषधाचं नाव, डोस आणि डॉक्टरांचा फोन लिहिलेला साधा कागदही पाकिटात चालेल. डोस उतरवायला सुरुवात करताना डॉक्टरांकडून तारीखवार वेळापत्रक लिहून मागा. गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घ्या. ताप आला तर डोस किती वाढवायचा हेही आधीच विचारून ठेवा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका, इंजेक्शनची गरज असते. आणि गोळी बंद झाल्यावरही निदान वर्षभर, दात काढायला गेलात तरी, आपण स्टेरॉइड घेत होतो हे समोरच्या डॉक्टरला सांगा.