नाताळच्या झाडावरची चिन्हे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आणे गावात पौषातल्या यात्रेला रंगदास स्वामींच्या नावाने आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. त्यामागचा भाव गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शेजाऱ्याच्या सणाबद्दल मात्र आपण ऐकीव माहितीवरच भागवतो. आण्यावरून जाणारा कल्याण-नगर रस्ता ज्या नगरला (आताचे अहिल्यानगर) पोचतो, तिथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. मराठी ख्रिस्ती माणसे आपल्याला नवी नाहीत. डिसेंबरात शाळेत, दुकानात झाड सजते, तेव्हा त्यावर काय टांगले आहे आणि का, हे नीट माहीत असायला हवे.

गैरसमज: नाताळचे झाड बायबलमध्ये आहे.

वस्तुस्थिती: येशूच्या जन्माच्या कथेत सजवलेले झाड कुठेही नाही. ही प्रथा जर्मन भाषक मुलखातली. स्ट्रासबुर्ग शहरात घरात झाड उभे करून त्यावर सफरचंदे आणि कागदी गुलाब लावत, अशी १६०५ सालची नोंद आहे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात छापून आले आणि प्रथा झपाट्याने पसरली. त्यामुळे ज्या ख्रिस्ती घरात झाड नाही, तिथला नाताळ अपुरा ठरत नाही.

गैरसमज: लाल गोळे नुसते शोभेचे.

वस्तुस्थिती: त्यांचे मूळ सफरचंदात आहे. मध्ययुगीन युरोपात २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस मानत. त्या सुमारास होणाऱ्या धार्मिक नाटकांत एदेन बागेतले झाड म्हणून सदाहरित झाडाला सफरचंदे बांधत. माणसाच्या पहिल्या पापाची आठवण त्या फळात, आणि त्यातून सोडवणाऱ्याचा जन्म दुसऱ्या दिवशी, असा तो संबंध. जर्मनीतल्या लाउशा गावच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात काचेचे गोळे फुंकून बनवले आणि फळाची जागा काचेने घेतली. उत्पत्तीच्या पुस्तकात त्या फळाचे नाव दिलेले नाही. सफरचंद नंतरच्या परंपरेने आणले.

गैरसमज: पाच टोकांचाच तारा खरा, आणि तो पाहून तीन राजे आले.

वस्तुस्थिती: मत्तयाच्या शुभवर्तमानात तारा आहे, पण त्याला किती टोके हे सांगितलेले नाही. ख्रिस्ती चिन्हांत पाच टोकांचा तारा बेथलेहेमचा मानतात, तर सहा टोकांचा सृष्टीच्या सहा दिवसांचा. दोन्ही चालतात. पूर्वेकडून आलेले ते पाहुणे राजे होते असे मत्तय म्हणत नाही, त्यांची संख्याही देत नाही. भेटी तीन होत्या: सोने, ऊद आणि गंधरस. त्यावरून माणसेही तीन धरली गेली.

गैरसमज: ‘एक्समस’मधला ‘एक्स’ म्हणजे ख्रिस्ताचे नाव खोडणे.

वस्तुस्थिती: उलट, ते त्याचेच नाव आहे. ग्रीक लिपीत ‘ख्रिस्त’ या शब्दाचे पहिले अक्षर ‘खी’ फुलीसारखे दिसते. त्यावर दुसरे अक्षर ‘ऱ्हो’ उभे ठेवले की फुलीच्या मधून एक सरळ दांडी वर जाते आणि तिच्या माथ्यावर उजवीकडे अर्धगोल येतो. हे चिन्ह चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळापासून सर्वत्र दिसू लागले. सोनेरी कागदातून ते कापायला मुलांनाही जमते.

गैरसमज: वाकड्या काठीची लाल-पांढरी गोळी येशूच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर म्हणूनच घडवली.

वस्तुस्थिती: या गोष्टीला पुरावा नाही. मेंढपाळाची काठी, पांढरा रंग पावित्र्याचा, लाल रंग रक्ताचा, हे अर्थ मागाहून जोडले गेले. श्रद्धेने कुणी तसा अर्थ लावला तर त्यात गैर काही नाही. तो इतिहास म्हणून सांगू नये, इतकेच.

गैरसमज: मासा, नांगर ही चिन्हे झाडावर पहिल्यापासून आहेत.

वस्तुस्थिती: चिन्हे फार जुनी, झाडावर ती टांगणे नवे. रोमच्या भुयारी दफनभूमींत मासा आणि जहाजाचा नांगर दोन्ही कोरलेले आढळतात. ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या ग्रीक शब्दांची आद्याक्षरे जुळवली की ‘मासा’ हा ग्रीक शब्द होतो. नांगर म्हणजे न डळमळणारी आशा. अशी चिन्हे पांढऱ्या आणि सोनेरी रंगात घडवून झाड सजवण्याची पद्धत फ्रान्सिस किप्स स्पेन्सर या बाईंनी १९५७ साली अमेरिकेतल्या डॅनव्हिल गावच्या लूथरन चर्चमध्ये सुरू केली.

गैरसमज: ख्रिस्ती चिन्हे म्हणजे परदेशीच.

वस्तुस्थिती: नगरला राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तनातून ख्रिस्त गायला. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगवली. भारतातल्या जुन्या दगडी क्रूसांच्या तळाशी कमळही कोरलेले दिसते. श्रद्धा ज्या मातीत रुजते, त्या मातीचे रूप घेते.

यंदा शाळेत झाड सजवताना शिक्षकांनी प्रत्येक वस्तूमागे एक वाक्य सांगावे: हे शुभवर्तमानातले, हे लोकरीतीचे, हे मागाहून जोडलेले. मोबाइलवर फिरत आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाला विचारावे. आपल्या यात्रेबद्दल कुणी चुकीचे बोलले तर आपल्याला लागते. तीच काळजी दुसऱ्याच्या सणाबद्दल घेणे हे आपले कर्तव्यच आहे.