न दुखणाऱ्या डोळ्याचे दुखणे

डोळा आला की तो लाल होतो, पाणी गाळतो, मूल घर डोक्यावर घेते आणि मग त्याला डॉक्टरांकडे नेतात. हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, पांढरास्वच्छ, निवांत दिसणारा डोळा आतून धुमसत असेल हे सांगूनही पटत नाही. आम्हांला आज सांगावयाचे आहे ते अशाच एका रोगाविषयी.

संधिवात हा म्हाताऱ्यांचाच रोग नव्हे. काही मुलांना तो सोळा वर्षांच्या आत जडतो. गुडघा सुजतो, सकाळी पाय आखडतो. यांपैकी काहींच्या, विशेषतः अगदी लहान वयात आजारलेल्या मुलींच्या, डोळ्यांत बुबुळाच्या रंगीत पडद्याला दाह सुरू होतो. यास युव्हायटिस म्हणतात. बहुधा ना ठणका, ना लाली. चार वर्षांचे पोर ‘मला अंधुक दिसते’ असे कशाला सांगेल? ते दुसऱ्या डोळ्यावर भागवून नेते. तोवर पडदा आतील भिंगाला चिकटतो, मोतीबिंदू धरतो, डोळ्यातील दाब वाढतो. म्हणून सांधे सुजल्याचे निदान होताच, आणि ज्यांना धोका अधिक त्यांची पुढे दर तीन महिन्यांनी, स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखाली तपासणी व्हावी लागते. डोळा दुखत नाही म्हणून ती टाळणारे आईबाप पुष्कळ. त्यांना दोष तरी काय द्यावा!

स्टेरॉइडचे थेंब दाह शमवितात खरे, परंतु दीर्घकाळ घातले तर तेच मोतीबिंदू व काचबिंदू आणतात. मग आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट देतात. तेही कित्येकांना पुरे पडत नाही. येथे जैविक औषधांचा प्रवेश होतो. दाहाच्या वेळी शरीरातील पेशी एका प्रथिनाच्या द्वारे एकमेकींना हाक देतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे त्याचे नाव. जिवंत पेशींकडून बनवून घेतलेले अडॅलिमुमॅब ही हाक वाटेतच अडविते. पंधरवड्याला एकदा त्वचेखाली सुई. गंमत अशी की, त्याच प्रथिनाला अडविणारे एटानरसेप्ट सांध्यांना मानवते, डोळ्याला मात्र फारसे उपयोगी पडत नाही.

ब्रिटनमधील ‘सिकॅमोर’ या परीक्षणाचा वृत्तांत 2017 साली प्रसिद्ध झाला. मेथोट्रेक्सेट घेऊनही दाह न हटलेली 90 मुले त्यात होती. 60 जणांना अडॅलिमुमॅब, 30 जणांना बिनऔषधी सुई. मेथोट्रेक्सेट सर्वांनाच चालू. पहिल्या गटात उपचार फसला तो 16 जणांत, दुसऱ्यात 18 जणांत. फरक इतका ठळक की, नवी मुले घेणे मुदतीपूर्वीच थांबविले. उपद्रव मात्र औषध घेणाऱ्यांत जास्त आढळले, हेही सांगितलेच पाहिजे.

आपल्याकडे क्षयाची चिंता मोठी. क्षयाचे जंतू शरीरात कोंडून ठेवण्यास हेच प्रथिन लागते. ते अडविले की दबलेला क्षय उसळू शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे व क्षयाची चाचणी, आणि उपचार चालू असता जिवंत जंतूंच्या लसी सामान्यतः वर्ज्य. किंमतही आड येते. 2014 च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कंपनीने तत्सम औषध पुष्कळ स्वस्तात आणल्यापासून काहीसा मार्ग मोकळा झाला.

‘सुई किती दिवस?’ असे पालक विचारतात. दाह वर्ष-दोन वर्षे शांत राहिला तर ती थांबवून पाहतात. पण पुष्कळांचा दाह परततो, आणि तोही पूर्वीसारखाच, न दुखता. म्हणून सुई थांबल्यावर स्लिट लॅम्पच्या फेऱ्या कमी होत नाहीत, वाढतात.